पित्याची रजा आणि तिचे आक्षेपक

अपत्यजन्माच्या प्रसंगी पित्यास सवेतन रजा मिळावी, असे कोणी सुचविताच पहिला आक्षेप निघतो तो हा की, पुरुष त्या रजेत काडीचे काम करणार नाही, केवळ सुट्टी उपभोगील. आणि हा आक्षेप नुसत्या पारावरच्या गप्पांतला नव्हे, तर तत्कालीन महिला व बालविकासमंत्री मेनका गांधी यांनीही २०१६ साली याच आशयाचे मत प्रकट केले होते. त्यात तथ्यांश नाही असे नाही. परंतु आजारपणाची रजा टाकून मेहुणीच्या लग्नात मिरविणारे कारकून प्रत्येक कचेरीत आढळतात, म्हणून ती रजाच रद्द करावी असा ठराव कोणा खातेप्रमुखाने मांडल्याचे ऐकिवात नाही. शिवाय संधी नाही म्हणून कौशल्य नाही आणि कौशल्य नाही म्हणून संधी नाही, हा तर उघड अन्योन्याश्रय दोष होय.

दुसरा आक्षेप रूढीचा. बाळंतपण माहेरी, शेकशेगडी आजीच्या हाती. पित्याने बारशाला यावे, पेढे वाटावे आणि परतावे, त्यास रजा कशाला? माहेरचे सुख थोर खरेच. पण बाळंतीण माहेर सोडून शहरातल्या दोन खोल्यांत परतते, तेव्हा आजी मागे राहते आणि रात्रीची जागरणे बरोबर येतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९७२च्या रजा नियमांत पुढे समाविष्ट झालेली १५ दिवसांची पितृत्वरजा, दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असणाऱ्यास, प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. नियम लिहिणाऱ्यास माहेर ही संस्था ठाऊक असावी!

खाजगी नोकरदारास मात्र असा कायदेशीर हक्क नाही, आणि खरे मर्म येथेच आहे. प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी मातेची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, तिचा खर्च मालकावर टाकला, आणि पित्याविषयी अवाक्षर काढले नाही. परिणामी मुलाखतीस आलेली तरुणी समोर बसताच मालकाच्या मनात जी आकडेमोड सुरू होते, ती तिच्या शेजारी बसलेल्या तरुणाच्या बाबतीत होत नाही. पित्याची रजा ही पित्यावरील मेहेरबानी नसून या विषमतेवरचा उतारा आहे. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी त्याच वर्षी लोकसभेत पितृत्वलाभाचे खाजगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

लहान कारखानदाराने हा भार कसा सोसावा, हा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाचे समर्थन करताना डॉ. आंबेडकरांनी, हा भार बव्हंशी सरकारने वाहणे योग्य, पण मालकही त्यातून सर्वस्वी मुक्त नाही, अशी भूमिका घेतली होती. राज्य कामगार विमा योजनेत विमाधारक स्त्रीचे प्रसूतिवेतन आजही वर्गणीच्या निधीतून मिळते. तोच निधी पित्यासाठी विस्तारता येईल.

रजा मातेच्या नावे वळती करता येऊ नये, एवढे पथ्य मात्र पाळावे. स्वीडनमध्ये १९७४पासून आईबापांपैकी कोणासही रजा घेण्याची मुभा होती, पण बाप ती बहुधा आईच्याच पदरी टाकीत. १९९५ साली एक महिना प्रत्येकासाठी राखून ठेवला, न घेतल्यास तो बुडेल असे ठरविले, तेव्हा कुठे बापांचे अर्ज वाढू लागले.