छायाचित्रांची नक्कल आणि तिची पडताळणी

कॅमेऱ्यातील छायाचित्रे संगणकावर उतरवून घेतली असता त्यांतील काही उघडतच नाहीत. काहींचा वरचा भाग स्वच्छ दिसतो, पण खालचा करड्या किंवा भलत्याच रंगाच्या पट्ट्यांनी भरून गेलेला असतो. हा अनुभव पुष्कळांस येतो, व त्याचा दोष बहुधा ‘व्हायरस’च्या माथी मारला जातो. आमच्या मते ही रूढी सोडून देण्यासारखी आहे. बिघाड पुष्कळदा नकलेच्या वाटेवर होतो, आणि नक्कल मुळाशी ताडून न पाहताच मूळ पुसून टाकल्यामुळे तो कायमचा होऊन बसतो. घरगुती चित्रांची हानी दुःखदायक खरीच. परंतु जुन्या नियतकालिकांचे जीर्ण अंक उलगडून त्यांची छायाचित्रे घेणाऱ्या ग्रंथालयास दुसरी संधी मिळेलच असे नाही. तो कागद पुन्हा उलगडण्याच्या स्थितीत राहत नाही.

अशा बिघडलेल्या फाइलीस आम्ही ‘भ्रष्ट’ म्हणतो. हा शब्द हस्तलिखितांच्या अभ्यासकांकडून घेतलेला आहे. नकला करता करता शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे सर्वश्रुत आहे. मात्र लेखनिकाच्या हातून एका ओवीत झालेली चूक पुढल्या ओवीस बाधत नाही, आणि संदर्भावरून ती पुष्कळदा ओळखताही येते. जेपेग पद्धतीच्या चित्राचे तसे नाही. १९९२ साली प्रमाण ठरलेल्या या पद्धतीत चित्राचे प्रत्येकी ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजळपणा स्वतंत्र न लिहिता, मागील चौकोनाहून तो किती कमी वा अधिक, एवढेच बहुधा नोंदवले जाते. शिवाय या नोंदींचे संकेत कमीअधिक लांबीचे असून ते एकास एक चिकटवून लिहिलेले असतात. त्यामुळे एकच बिट पालटला तरी पुढचा संकेत कोठे सुरू होतो हे कळेनासे होते. पुढे कोठे मेळ बसलाच, तरी उजळपणाची चूक तशीच पुढे सरकत जाते. मधून मधून खुणा पेरून हा संसर्ग आवरण्याची सोय आहे, परंतु ती ऐच्छिक आहे. जागेच्या काटकसरीची ही किंमत होय.

यादीत दिसणाऱ्या लहान प्रतिमांवरही विसंबू नये. कॅमेरा फाइलीच्या आरंभीच एक छोटी प्रतिमा निराळी ठेवत असतो, व पुष्कळदा यादीत तीच दाखवली जाते. मूळ चित्र विद्रूप झाले असले तरी ती शाबूत राहू शकते.

बिघाड दिसताच कार्डावर नवे काहीही लिहू नये, हे पहिले पथ्य. ते ‘फॉरमॅट’ करण्याची सूचना संगणकाने केली तरी ती मानू नये. मोठ्या आकाराच्या एसडी कार्डावर एक लहान खटका असतो. तो सरकवून लेखन रोखावे. मग तीच फाइल दोनदा उतरवून घ्यावी, मात्र मध्यंतरी कार्ड काढून पुन्हा बसवावे. नाहीतर पहिल्या वाचनाच्या वेळी स्मृतीत राहिलेली प्रतच संगणक पुन्हा देण्याचा संभव असतो. दोन्ही प्रतींचा एसएचए-२५६ या रीतीने ‘ठसा’ काढावा. हा ठसा ६४ चिन्हांचा असतो, आणि एक बिट बदलला तरी तो ओळखू न येण्याइतका पालटतो. विंडोज व लिनक्स या प्रणालींत तो काढण्याची सोय अंगभूतच आहे. ठसे भिन्न आले तर कार्ड-वाचक, तार किंवा क्वचित संगणकाची स्मृती सदोष आहे असे समजावे. ठसे एकच आणि तरीही चित्र भ्रष्ट, तर बिघाड बहुधा कार्डावरच आहे. कार्ड पुसले गेले असेल, पण त्यावर नवे लेखन झाले नसेल, तर फोटोरेकसारख्या विनामूल्य साधनाने पुष्कळदा चित्रे परत मिळतात. कारण पुसताना बहुधा केवळ यादीतील नोंद जाते.

आमची खरी तक्रार यंत्ररचनाकारांविषयी आहे. नक्कल पूर्ण झाल्याचे संगणक सांगतो तेव्हा काही मजकूर अद्याप स्मृतीतच असू शकतो. म्हणून तर कार्ड वा डिस्क रीतसर विलग करून मगच काढावयाची असते. लिहिलेले पुन्हा वाचून मुळाशी ताडण्याचे कष्ट तर नेहमीच्या नकलेत घेतलेच जात नाहीत. पीएनजी पद्धतीत प्रत्येक खंडामागे ४ बाइटांचा पडताळा-अंक असतो; जेपेगमध्ये चित्राच्या मजकुरासाठी तशी तजवीजच नाही.

तोपर्यंत ही उणीव ग्रंथालयांनीच भरून काढावी. याने काम वाढते, असा आक्षेप येईल. परंतु हजार चित्रांचे ठसे संगणक एका आज्ञेसरशी काढतो, व त्यांची यादी एका लहानशा फाइलीत मावते. ती यादी चित्रांबरोबर दोन निरनिराळ्या डिस्कांवर ठेवावी, तिचा उल्लेख दाखल-नोंदवहीत करावा, आणि दोन्ही प्रती यादीशी जुळल्याखेरीज कार्ड पुसण्यास कोणासही देऊ नये.