दमणीला आधी धाव बसवा

लाकूड शेतातल्या बाभळीचे, चाक गावच्या सुताराचे, धाव लोहाराची आणि छप्पर बुरडाने विणलेल्या बांबूच्या तट्ट्याचे. भंडारा जिल्ह्यातली दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, अशी गावातच घडायची. महाशिवरात्रीला तुमसर तालुक्यातल्या गायमुखच्या यात्रेला निघालेले घर तीत मावायचे. वाटेत तिच्या आडोशाला चूल मांडायची, रात्री तिच्यातच अंग टाकायचे. कॅराव्हॅन म्हणजे आणखी वेगळे काय असते?

इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकाने 1885 मध्ये भटकंतीच्या हौसेखातर 'द वॉन्डरर' ही दोन घोड्यांची गाडी बांधून घेतली. ती तिथे आजही जपलेली आहे. इकडे दमण्या गोठ्यामागे वाळवीला घातल्या.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, ते मोटारीवरच्या फिरत्या घरांसाठी. हरकत नाही, पण बैलांच्या फिरत्या घराची आठवण कुणाला झाली नाही.

शर्यतीच्या छकड्याचे नशीब बरे. लाखनीसारख्या गावांच्या शंकरपटाने, म्हणजे बैलांच्या शर्यतीने, त्याला जिवंत ठेवले. 2014 च्या बंदीने पट थांबले, तरी 2021 च्या डिसेंबरात अंतरिम परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. दमणीची शर्यत नसते, म्हणून तिला वालीही नाही.

पडून राहिलेल्या दमणीच्या दुरुस्तीचे खरे काम चाकात असते. उभ्या गाडीचे लाकूड सुकून आकसते, आरे तुंब्यात खुळखुळतात, लोखंडी धाव सैल पडते. मग धाव काढून, कापून, चाकापेक्षा जराशी लहान करून पुन्हा जोडायची. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की फुगते; तशीच चाकावर चढवून वर पाणी ओतायचे. चर्र आवाज होतो, धूर उठतो आणि आकसणारी धाव सगळे सांधे आवळून धरते. हे हाताला ठाऊक असलेले कारागीर थकत चालले आहेत.

ढाब्याच्या दारात रंगवून उभी केलेली चाके म्हणजे जतन नव्हे. जी गाडी दोन कोस चालत नाही, ती दुरुस्त झालीच नाही. जिल्हा परिषदेने दरवर्षी दोन-चार दमण्या गावच्याच सुतार-लोहारांकडून, शिकाऊ पोरे हाताशी देऊन, उभ्या कराव्यात आणि गायमुखच्या वाटेवर सोडाव्यात. तुमच्या गोठ्यात एखादी असेल, तर चाके विकण्याआधी एकदा सुताराला बोलवा.