कचेरीच्या वेळेत तळे ठणठणीत!

तळ्यात मासे मेले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. काठाला लागलेली पांढरी पोटे, नाकाला रुमाल लावून उभी असलेली माणसे आणि खाली ठरलेली ओळ : ‘पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत.’ त्या नमुन्यांचे पुढे काय झाले हे सहसा कोणी छापत नाही आणि आपणही विचारत नाही. क्वचित अहवाल बाहेर आलाच, तर त्यात पाण्यातल्या प्राणवायूचे प्रमाण समाधानकारक असल्याचे वाचायला मिळते. मग तर्कांना ऊत येतो. कोणी म्हणतो विष टाकले, कोणी म्हणतो मूर्तींचे रंग, आणि खात्यातले लोक मिळालेले आहेत असे छातीठोकपणे सांगणारे तर प्रत्येक कट्ट्यावर असतातच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. माझे मत असे, की तो अहवाल पुष्कळदा खरा असतो. घोटाळा असतो घड्याळाचा.

गावाचे सांडपाणी ज्या तळ्यात येते, त्याचे पाणी हिरवे होते. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसते. दिवसा उन्हात हे शेवाळ प्राणवायू सोडते, इतका, की दुपारी पाण्यात तो मावेनासा होतो. तीस अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून विरघळून लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू राहतो. हिरव्या तळ्यात भर दुपारी दहा-बारासुद्धा मोजायला मिळतो. कागदावर हे तळे ठणठणीत! पण सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे आणि तळाच्या गाळातले जंतू असे सगळे मिळून तो साठा रात्रभर संपवत राहतात. उजाडायच्या आधी आकडा सगळ्यांत खाली येतो. कधी दोनच्याही खाली. श्रावणात दोन-तीन दिवस आभाळ दाटून राहिले, तर दिवसाची कमाईही होत नाही आणि पहाटे मासे तोंडे वर काढून पृष्ठभागाशी येतात. तेव्हा तिथे कोण असते? फिरायला आलेले आजोबा, दूधवाला, गळ टाकून बसलेली दोन पोरे. नमुना घेणारी जीप येते अकराला. तोवर उन्हाने निम्मे काम केलेले असते.

म्हणून मला वाटते, की आपल्या तळ्यांच्या आणि किनाऱ्यांच्या पाण्याची राखण काठावर राहणाऱ्यांनी वही घालून केली पाहिजे. सरकारी यंत्रणा नाही असे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या योजनेत देशभर चार हजारांहून अधिक ठिकाणी पाणी तपासले जाते. पण नद्या-तळ्यांची पाळी महिन्यातून नाही तर तिमाहीतून एकदा, आणि तीही कचेरीच्या वेळेत. त्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. पहाटे साडेपाचला सगळ्या तळ्यांवर कोण पुरे पडणार?

मोजायला फार काही लागत नाही. प्राणवायू मोजण्याची रीत हंगेरीच्या विंकलरने १८८८ मध्ये बसवली. ती आजही विज्ञान शाखेच्या कुठल्याही प्रयोगशाळेतल्या ब्यूरेटवर होते. बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरायचे, दोन रसायने तिथल्या तिथे घालायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. त्या साक्यावरूनच मुलांचे डोळे मोठे होतात! पुढचे आम्ल आणि निळा रंग जाईपर्यंतचे थेंब मोजणे हे शिक्षकाच्या देखरेखीखाली, प्रयोगशाळेत. निवृत्तीनंतर आमच्या गावच्या तळ्यावर मी आणि काही विद्यार्थी हे करू लागलो. पहिल्याच आठवड्यात एका पहाटेचा आकडा आदल्या दुपारच्या पावपटही भरला नाही. एका मुलीने विचारले, ‘सर, मग हे तळे खरे कोणते, सकाळचे की दुपारचे?’ अठ्ठावीस वर्षांत वर्गात मला इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता.

प्राणवायूही नको असेल तर दोरीला बांधलेली थाळी पुरते. आंजेलो सेक्की हे रोमच्या वेधशाळेचे प्रमुख, जेसुइट धर्मगुरू. त्यांनी १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात हे मोजले. त्याच युक्तीवर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७३ पासून तळ्याकाठचे रहिवासी आपापल्या तळ्याची नितळता मोजत आले. हौशी लोकांच्या अशा नोंदींची किंमत काय, असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो : त्या भागातल्या आठ राज्यांतल्या तीन हजारांहून अधिक तळ्यांच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. दशकानुदशकांचा इतका सलग पुरावा कुठल्याही खात्याकडे तयार नव्हता. तो लोकांनी होडीत बसून जमवला होता.

समुद्राची गोष्ट थोडी वेगळी. तिथे घड्याळाच्या जोडीला तिथी लागते. किनाऱ्यावर उतरणाऱ्या नाल्याचे पाणी ओहोटीला वाळूवरून पसरत जाते, भरतीला ते समुद्रात मिसळून पातळ होते. म्हणजे एकाच चौपाटीचा सकाळचा नमुना नापास आणि दुपारचा पास होऊ शकतो. भरतीची वेळ न लिहिलेला आकडा ही अर्धी बातमी. कोळीवाड्यात मात्र तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे अनेकांना ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या आंघोळीच्या पाण्यात शंभर मिलिलिटरला विष्ठेतल्या जंतूंची मर्यादा शंभर आहे. ती तपासणी घरी होत नाही. नमुना बर्फात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. पण पाऊस कधी पडला, नाला किती वाहत होता, वास कसला होता, हे काठावरचा माणूसच लिहू शकतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर १९९० मध्ये लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्या पोरांनी संघटना काढली, ती सांडपाण्यात खेळून आजारी पडल्यावर. आपली पोरे आजारी पडतात, तेव्हा आपण भेळवाल्याला दोष देतो.

यावर एका कचेरीत मला ऐकवण्यात आले, की तुमच्या बाटलीला कायद्यात किंमत नाही. खरे आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार सांडपाण्याचा नमुना पुरावा ठरायचा तर तो मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, समोरच्याला नोटीस देऊन, रीतसर मोहोरबंद करून घ्यावा लागतो. मला हे योग्यच वाटते. शेजाऱ्याच्या रागातून भरलेल्या बाटलीवर कोणाचा कारखाना बंद पडू नये. पण साक्ष वेगळी आणि घंटा वेगळी. घरी आईने लिहिलेला तापाचा तक्ता डॉक्टर दाखला म्हणून घेत नाहीत, तरी आल्याबरोबर तोच मागतात. आमची वही बघून जीप एकदा पहाटे आली, तरी आमचे काम झाले.

आणि सामान्य माणसावर सरकारचा विश्वास नाही असेही नाही. २०१९ पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पिण्याचे पाणी किटने तपासायला शिकवायचे धोरण आहे. नळाच्या पाण्यापुरता जो विश्वास टाकता येतो, तो तळ्याच्या काठाशी येऊन का थांबावा?

खरी अडचण आपली आहे. स्वच्छता मोहिमेला टोप्या कमी पडतील इतकी माणसे येतात. वहीला येत नाहीत. मासे मेले त्या दिवशी मोजायला सगळे तयार, पण काहीच न घडलेल्या मंगळवारचा आकडा नसेल तर त्या दिवशीच्या आकड्याला अर्थ काय? आमच्याकडे सुरुवातीला अकरा जण होते, पावसाळ्यानंतर चार उरले. त्यांतले दोघे फिरायला येणारे आजोबा, एक दूधवाला. चौथी ती मुलगी.

आमच्या तळ्याच्या दाराशी नगरपालिकेचा मोठा फलक आहे. त्यावर नौकाविहाराचे दर आहेत, कचरा टाकल्याचा दंड आहे, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले तेही आहे. खाली हातभर जागा मोकळी आहे. तिथे रोज खडूने पहाटेचा आकडा लिहू द्यावा, असा अर्ज आम्ही केला आहे. खडू आमचाच.