शाल नको, पुस्तक द्या. आणि महिन्याने विचारा

शिरोड्याचे नाव निघाले की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, 1930 च्या मे महिन्यात इथल्या मिठागरांवर झालेला मिठाचा सत्याग्रह. दुसरी, वि. स. खांडेकर. ते 1920 साली इथल्या शाळेत मास्तर म्हणून आले, 1938 पर्यंत राहिले आणि पुढे 1974 च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी झाले. गावाला या दोन्ही गोष्टींचा अभिमान आहे आणि तो असावाही. परंतु याच वेंगुर्ले तालुक्यात केळूस नावाचे गाव आहे. त्या गावच्या एका माणसाने एका शाळकरी मुलाच्या हाती एक पुस्तक दिले. त्या मुलाच्या आयुष्याला आणि पुढे आपल्या सर्वांच्या आयुष्याला त्या पुस्तकाने दिशा दिली. ही तिसरी गोष्ट आमच्या वाड्यांतल्या किती मुलांना ठाऊक आहे?

तो माणूस म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर, आपले केळुसकर गुरुजी. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

1956 साली ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः सांगितला आहे. ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हाची ही हकीकत. चरित्रकार ती 1907 च्या मॅट्रिकशी जोडतात. परीक्षा कोणतीही असो, आपल्याला त्यातून घ्यायचा बोध एकच. वस्तीतल्या लोकांना मुलाचा सत्कार करायचा होता. रामजी सुभेदारांनी साफ नकार दिला. मुलगा एक परीक्षा पास झाला आहे, यापलीकडे त्याने काही केलेले नाही आणि सत्काराने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी लोक केळुसकर गुरुजींकडे गेले. गुरुजींनी सुभेदारांची समजूत घातली, सभा झाली आणि गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले.

आता आपले सत्कार पाहा. दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागतात. मंडळाची गाव शाखा ठराव करते, मुंबई शाखा वर्गणी पाठवते. बॅनर लागतो, त्यावर विद्यार्थ्यापेक्षा मोठे फोटो पदाधिकाऱ्यांचे असतात. शाल, पुष्पगुच्छ, ट्रॉफी, चार भाषणे, फोटो. मुलगा ट्रॉफी घेऊन घरी जातो. ती कपाटावर बसते आणि पहिल्या पावसात तिचा मुलामा निघतो. सुभेदारांना ज्याची भीती होती ते आम्ही दरवर्षी उत्साहाने करतो. केळुसकरांनी जे केले ते मात्र करत नाही.

केळुसकरांनी काय केले, हे नीट समजून घेतले पाहिजे. नुसते पुस्तक देणारे पुष्कळ असतात. गुरुजींनी आधी मुलगा हेरला होता. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तके देत राहिले. पुढे कॉलेजचे शिक्षण पैशावाचून अडू लागले तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. पुस्तक देणे, पाठीशी राहणे आणि पुढची वाट मोकळी करणे अशी ही तीन कामे होती. आम्ही बहुतेक पहिल्याच कामाशी थांबतो, पुष्कळदा तिथपर्यंतही पोहोचत नाही.

घरात शिस्त होती ती सुभेदारांची. परळच्या चाळीतली एक खोली, त्यातच संसार आणि त्यातच अभ्यास. मुलाने लवकर झोपायचे आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास बापाने त्याला उठवायचे, मग दिव्याच्या उजेडात वाचन. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडून मागायचे, त्यांचे दागिने गहाण ठेवायचे. विद्वत्ता आकाशातून पडत नाही. कोणीतरी पहाटे उठते, कोणीतरी उठवते आणि कोणाचा तरी दागिना गहाण पडतो, तेव्हा ती घडते.

हे सारे आज सांगण्याचे कारण आमच्या वकिलीतले आहे. काही वर्षांपूर्वी किनारपट्टीच्या एका वाडीतला तरुण आमच्याकडे आला. पदवीधर, बोलण्यात हुशार, जयंतीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे असणारा. सामाईक जमिनीच्या ‘मोजणीसाठी’ म्हणून कोणीतरी त्याच्यापुढे कागद ठेवले होते. त्याने प्रत्येक पानावर सही केली, आईचा अंगठा घेतला. ते कुलमुखत्यारपत्र होते आणि त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट शब्दांत, मराठीत लिहिलेला होता. पुढे खरेदीखत झाले. सही करणाऱ्याने मजकूर वाचला आहे असे कायदा धरून चालतो. तसे नव्हते हे सिद्ध करायचे ओझे सही करणाऱ्याच्याच डोक्यावर येते. आम्ही विचारले, “बाळा, वाचले का नाही?” तो म्हणाला, “सर, अकरा पाने होती.”

अकरा पाने! बाबासाहेबांच्या नावाने घोषणा देणाऱ्या पदवीधराला आपल्याच आईच्या जमिनीची अकरा पाने वाचवली नाहीत. दोष त्या एकट्याला देऊन आम्ही मोकळे होणार नाही. त्याला आयुष्यात कोणी गाइडबाहेरचे एक पान वाचायला लावले नव्हते आणि वाचलेल्याबद्दल कोणी दोन प्रश्न विचारले नव्हते. त्याच्याकडे प्रमाणपत्र होते, वाचनाची सवय नव्हती.

त्याची आई निरक्षर. ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. उठताना मुलाला एवढेच म्हणाली, “माका वाचूक येणा नाय. तू वाचूक होया होतंस, नि काय लिवलाहा तां माका सांगूक होया होतंस.” वाचनाची याहून चांगली व्याख्या आम्ही विद्यापीठात ऐकलेली नाही. ज्याला वाचता येते त्याने वाचायचे आणि ज्याला येत नाही त्याला सांगायचे. आपल्या समाजात शिकलेल्याचे ऋण फेडायचे ते असेच.

इथे काही मित्र हरकत घेतील. ‘आधी स्वतःला सुधारा, मग हक्क मागा’ हे तर आपले विरोधक शतकभर सांगत आले. तेच तुम्ही सांगता काय? मुळीच नाही. हक्क हा लायकीचे बक्षीस म्हणून मिळत नसतो, तो माणूस म्हणून जन्मतःच असतो. परंतु तो मिळवायला आणि टिकवायला वाचलेले डोके लागते. बाबासाहेबांनी वाचन एका बाजूला आणि लढा दुसऱ्या बाजूला असे कधी ठेवले नाही. 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या कामांत वसतिगृहे होती आणि वाचनालयेही होती. कोकणातल्या कुळांना खोतांच्या जाचातून सोडवण्यासाठी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी मांडले. 10 जानेवारी 1938 रोजी त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. विधेयकामागे कोलंबिया आणि लंडनच्या ग्रंथालयांतली वर्षे होती, मोर्चामागे कुळांचे पाय होते. एकाशिवाय दुसरे लंगडे पडले असते. खोती रद्द करणारा कायदा पुढे 1949 साली झाला. त्या कायद्याने कुळांच्या ज्या पिढीला जमीन मिळाली, तिची नातवंडे आज न वाचता सही करून ती घालवत असतील तर हा पराभव कोणाचा?

आमच्या विहारांतून फिरताना एक दृश्य हमखास दिसते. काचेचे कपाट, त्यात महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड, काहींवरचे प्लास्टिकही निघालेले नाही. कुलपाची किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी नोकरीला गोव्यात. समुद्राची दमट हवा आणि वाळवी मात्र किल्लीची वाट पाहत नाहीत. बाबासाहेबांना हार घालायला आम्ही चुकत नाही, पण त्यांचे पुस्तक वाळवीला देऊन टाकले आहे.

वर्षावासाचेही तसेच. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन होते. उपासिका भर पावसात, छत्र्या सावरत येतात, ही परंपरा मोठी मोलाची आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी एकजण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात, शेवटी सरणत्तय, खीर, आणि घरी. पोथी ऐकावी तसे ऐकले जाते. तथागतांनी तर आपला शब्दही तपासून घ्यायला सांगितले. ज्या ग्रंथाविषयी सबंध पावसाळ्यात एकही प्रश्न विचारला गेला नाही, तो ग्रंथ वाचला असे आम्ही कसे म्हणावे?

म्हणून आम्ही शिरोडा-वेंगुर्ल्याच्याच नव्हे, तर सर्वच गाव शाखांपुढे चार साधी कामे ठेवतो. कपाटाची किल्ली गावात राहणाऱ्या, शक्यतो शिकणाऱ्या मुलीच्या हाती द्या. संध्याकाळी सात ते आठ विहार उघडे ठेवा आणि त्या तासात मोबाइल दाराशी ठेवा. वर्षावासात वाचन अर्धा तास आणि प्रश्न अर्धा तास, पहिला प्रश्न ऐकणाऱ्या बाईचा. महिन्यातून एकदा सातबारा, जातीचा दाखला, बँकेचा कर्जकागद असा एखादा कागद मोठ्याने वाचून समजून घ्या. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. नियमितपणा लागतो आणि तो पैशाने विकत मिळत नाही.

आणि शिकून मुंबई-पुण्याला गेलेल्या आमच्यासारख्यांनी? 18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखवली ती आमच्याच विषयी होती. गणपतीत, मे महिन्यात आपण गावी येतो, वर्गणीची पावती फाडतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. यापुढे प्रत्येकाने आपल्या वाडीतला एक मुलगा किंवा एक मुलगी निवडावी. निकालानंतरच्या सत्कारात शालीऐवजी एक पुस्तक द्यावे, पहिल्या पानावर आपले नाव आणि फोन नंबर लिहावा आणि महिन्याने स्वतःहून फोन करून विचारावे, “काय वाचलेस ते सांग.”

केळूसच्या एका माणसाने एका मुलासाठी एवढे केले. आम्ही त्याच तालुक्यातले, त्याच मुलाचे अनुयायी म्हणवतो. निकाल लागला की यंदाही सत्कार होतीलच. त्या दिवशी मुलाच्या हातात काय पडते, ते आम्ही पाहणार आहोत.

जय भीम!