रविवार तिचा आहे

परदेशात राहून आपली संस्कृती जपणं म्हणजे काय, यावर आपल्याकडे बोलणं खूप होतं. मंडळाचा गणपती बसला, दिवाळीचा फराळ झाला, नातीला परकर-पोलकं घालून फोटो काढले की जपली संस्कृती, असं आपण धरून चालतो. लेकीमुळे माझं सिंगापूरला जाणं-येणं असतं. तिथे या विषयाचा खरा विचार मला करायला लावला तो आपल्या माणसांनी नव्हे, तर फिलिपीन्समधून घरकामाला आलेल्या बायकांनी. मैत्रिणींनो, हा लेख त्यांच्याबद्दल आहे, आणि त्या ज्यांच्या घरात राहतात त्या आपल्यासारख्यांबद्दलही.

मी बी.कॉम. असल्यामुळे आधी आकडे बघते. 2023 साली परदेशातल्या फिलिपिनो लोकांनी घरी पाठवलेली रक्कम 3,700 कोटी डॉलरच्या वर होती. त्यांच्या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या साडेआठ टक्के! आपल्याकडे हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. हे आपोआप झालेलं नाही. 1974 मध्ये मार्कोस सरकारने कामगार कायदा करून माणसं बाहेर पाठवण्याची सरकारी व्यवस्थाच उभी केली. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी हाँगकाँगमधल्या घरकामगार बायकांना ‘बागोंग बायानी’, म्हणजे देशाच्या नव्या वीर, म्हटलं. शब्द छान आहे. पण वीर म्हटल्याने जमाखर्चाची दुसरी बाजू मिटत नाही. दुसऱ्याची मुलं सांभाळणाऱ्या या बाईची स्वतःची मुलं तिकडे आजीकडे वाढत असतात.

अशा बाईने आपली संस्कृती जपायची ती कुठे? तिला घर नाही. हाँगकाँगमध्ये तर मालकाच्याच घरी राहायचं असा कायद्याचा नियम आहे, आणि अशा फिलिपिनो बायका तिथे दोन लाखांच्या घरात आहेत. म्हणून रविवारी त्या सेंट्रल भागात रस्त्यावर येतात. चेटर रोड त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. पुठ्ठे अंथरायचे, चपला काढून बाजूला लावायच्या, डबे उघडायचे, एकमेकींचे केस विंचरायचे, पत्ते खेळायचे, आणि पुठ्ठ्याच्याच कडेला गावी पाठवायचं सामान बांधायचं. येणारे-जाणारे नाक मुरडतात. मला मात्र त्या चपला बाजूला लावण्याचं फार वाटतं. उघड्या रस्त्यावरच्या चौकोनी पुठ्ठ्याला तिने घर मानलेलं असतं.

सिंगापूरला हेच ऑर्चर्ड रोडवरच्या लकी प्लाझात दिसतं. पैसे पाठवण्याची दुकानं, त्यांच्या खाण्याची दुकानं, खोकी पाठवणारे एजंट. ही खोकी हा एक स्वतंत्र विषय आहे. त्यांना ‘बालिकबायन’ खोकं म्हणतात, म्हणजे मायदेशी परतणाऱ्याचं खोकं. माणूस परतत नाही, खोकं परततं. जहाजाने जातं, आणि दर सहसा आकारावर असतो, वजनावर नाही. त्यामुळे बाई ते असं भरते की आत हवेलाही जागा राहू नये. बुटात मोजे, मोज्यात साबण, टॉवेलच्या घडीत चॉकलेटं. एकदम खरेदी होत नाही. महिनोन्‌महिने एकेक वस्तू आणून कोपऱ्यात साठत जाते. 2016 च्या कायद्याने अशा खोक्यांना वर्षातून तीनदा, एकूण दीड लाख पेसोंच्या किमतीपर्यंत, जकात माफ केली. माझ्या लेकीकडची बाई प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी लावून नाव लिहिते. मावशीचं, शेजारणीचं, शाळेच्या बाईंचंसुद्धा. हेच साबण तिकडे मिळत नाहीत का? मिळतात. पण प्रवासाहून येताना घरच्यांसाठी काही आणायचं, या त्यांच्या रीतीला ‘पासालुबोंग’ असा शब्द आहे. रिकाम्या हाताने दारात उभं राहायचं नाही. स्वतः दारात उभं राहता येत नाही म्हणून खोक्याने उभं राहायचं. मला विचाराल तर संस्कृती जपणं म्हणजे हे. याचा फोटो काढून कुणी लावत नाही.

नात्यांचे शब्दही त्या सोडत नाहीत. मोठ्या बहिणीला ‘आते’, मोठ्या भावाला ‘कुया’, आजीला ‘लोला’, आजोबांना ‘लोलो’. माझा नातू तिला ‘आते’ म्हणतो, आणि आपल्या कानाला ती आत्याच ऐकू येते! मोठ्यांशी बोलताना वाक्यात ‘पो’ घालायचा, म्हणजे आपल्या अहो-जाहोसारखा मान आला. मोठ्यांचा हात घेऊन कपाळाला लावायचा, त्याला ‘मानो’ म्हणतात. मनिला आणि सिंगापूरचं घड्याळ एकच आहे, म्हणजे तिच्या मुलाची झोपायची वेळ ती नेमकी इथल्या घरांत जेवणाची भांडी आवरायची वेळ. आमच्याकडे चौविहार असल्याने सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात आणि ती आठाच्या आत मोकळी होते. चौविहाराचा हा फायदा कुठल्या ग्रंथात सापडणार नाही. तिचा मुलगा पडद्याकडे कपाळ आणतो, ती पडद्याला हात लावते.

आता भाषेचं. फिलिपीन्समध्ये दीडशेहून अधिक भाषा आहेत. ही आमची बाई इलोइलो भागातली, तिची भाषा हिलिगायनोन. रविवारी तिच्या भागातल्या बायका एकत्र बसतात, इतर भागांतल्यांशी तागालोग बोलतात. तागालोगमध्ये शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्याला ‘मुखा’, आशेला ‘आसा’. गरिबाला ‘दुखा’ म्हणतात, हे ऐकून मी गप्पच झाले. व्यापाराच्या वाटेने मलाय आणि जावाकडून हे संस्कृत शब्द तिकडे पोचले. 1989 मध्ये तिथल्या लगुना प्रांतात एक ताम्रपट मिळाला. त्यावरची तिथी शके 822, वैशाख, कृष्ण पक्षातली चतुर्थी, सोमवार, म्हणजे इसवी सन 900. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात छापतो तोच शक! आणि मजकूर काय, तर एका कुटुंबाचं सोन्यातलं कर्ज फिटल्याची पावती. त्या देशातला आजवर मिळालेला सर्वांत जुना लेख हा असा हिशेबाचा कागद आहे, याचा माझ्यातल्या बी.कॉम.ला जरा जास्तच आनंद झाला.

ऋणावरून आठवलं. त्यांच्यात ‘उतांग ना लोओब’ म्हणतात, आतलं कर्ज, मनावरचं. ज्याने आपल्यासाठी केलं त्याचं आपण देणं लागतो. या शब्दाच्या नावाखाली एका बाईच्या पगारावर दहा-दहा माणसं बसून खातात, हेही खरं आहे, आणि ते मला आवडत नाही. संस्कृतीतलं सगळंच जपण्यासारखं नसतं. पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे तिने ठरवावं, मी नाही.

अमेरिकेत मात्र चित्र वेगळं आहे. 1965 नंतर तिथला स्थलांतराचा कायदा सैल झाला आणि फिलिपिनो नर्सेस, डॉक्टर मोठ्या संख्येने गेले. कॅलिफोर्नियातलं डेली सिटी तर त्यांचंच गाव म्हणून ओळखलं जातं. त्या आईवडिलांपैकी पुष्कळांनी मुलांशी मुद्दाम फक्त इंग्रजी बोललं. मुलांच्या उच्चारांना कुणी हसू नये, ती शाळेत मागे पडू नयेत, म्हणून. मायदेशातही अमेरिकन राजवटीपासून शाळा इंग्रजीच होत्या, त्यामुळे यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नसणार. आता त्यांची मुलं-नातवंडं कॉलेजात सांस्कृतिक रात्र करतात, बांबूच्या काठ्यांमधून उड्या मारत ‘तिनिकलिंग’ नाचतात. सुंदर नाचतात. पण लोलाचा फोन आला की दोन वाक्यांनंतर फोन आईकडे जातो. माझं मत स्पष्ट आहे: वर्षातून एकदाचा नाच राहिला नाही तरी चालेल, लोलाशी बोलता आलं पाहिजे. पैसा, पदवी, नागरिकत्व नसलेल्या घरकामगार बाईचा मुलगा आईशी हिलिगायनोनमध्ये भांडतो, आणि डॉक्टरांच्या मुलीला ते येत नाही. नाच शिकवणारा क्लास मिळतो. आईशी भांडण्याची भाषा क्लासमध्ये मिळत नाही.

आता आपल्या घराकडे येते. आमच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण नाही, मासळी-मटणाचा तर प्रश्नच नाही. ते बदलणार नाही, आणि त्याबद्दल मला संकोचही नाही. कामाला ठेवतानाच लेकीने तिला हे सांगितलं होतं. पण याचा अर्थ काय होतो तो बघा. तिच्या देशात सकाळची सुरुवात लसणावर परतलेल्या भाताने होते. सिनिगांगची आंबट आमटी, व्हिनेगरमधला आदोबो, हे सगळं आमच्या उंबऱ्याच्या बाहेर. सहा दिवस ती आमचं अन्न आनंदाने खाते, पोळ्या तर माझ्याहून गोल करते. म्हणजे तिच्या आईच्या हातच्या चवीसाठी आठवड्यात एकच दिवस उरतो. तो रविवार आपण घेतला तर नुसती सुट्टी घेत नाही.

आणि घेणारे आहेत, आपल्यातलेही आहेत. पाहुणे येणार आहेत, जास्तीचे पैसे देते, या रविवारी थांब. सिंगापूरमध्ये आठवड्याची सुट्टी 2013 पासून कायद्याने आहे, पण तिच्या संमतीने पैसे देऊन ती विकत घेता येते. म्हणून 2023 पासून महिन्यातला निदान एक दिवस असा ठेवलाय की तो पैशात बदलताच येत नाही. एका बाईंनी मला ऐकवलं, “अहो काकू, तीच म्हणते पैसे द्या.” म्हणेलच. तिच्या मुलाची फी भरायची असते. ज्याला गरज आहे त्याची ‘हो’ आणि ज्याला नाही त्याची ‘हो’ एकाच खात्यात टाकता येत नाही, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, पण इतकी वर्षं घर चालवून कळलं.

त्यांचा नाताळ फार लवकर सुरू होतो. सप्टेंबर लागला की गाणी वाजायला लागतात, तारेच्या आकाराचे ‘पारोल’ कंदील बाहेर येतात. 16 ते 24 डिसेंबर असे नऊ दिवस पहाटेची प्रार्थना असते, ‘सिंबांग गाबी’. परदेशात कामाच्या वेळा सांभाळून पुष्कळ ठिकाणी ती संध्याकाळी करतात. घराला तेव्हा खोकं पोचलेलं असायला हवं, आणि जहाजाला वेळ लागतो. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी लेकीला फोनवर सांगते, बाल्कनीतल्या सायकली हलव, आतेच्या खोक्याला जागा कर.