एका पैची चूक

साठी ओलांडलेल्या माणसाने काय करावे, याविषयी आपल्याकडे बरेच एकमत आहे. सकाळी फिरायला जावे, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत पोचवावे आणि जमल्यास चारधाम करून यावे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी मी इमानाने करतो. चौथीच्या जागी मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी एम.ए.ला नाव घातले.

विषय ऐकून लोक आणखीच बुचकळ्यात पडत. मराठी साहित्य घेतले असते, तर ‘चार कादंबऱ्या लिहिल्या, आता पदवीही हवी’ म्हणून कुणी समजून घेतले असते. बँकेतला माणूस म्हणून अर्थशास्त्रही चालले असते. मी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून शिक्षणशास्त्राचे एम.ए. करायला घेतले आणि त्यात विशेष विषय निवडला तो उच्च शिक्षण. म्हणजे कॉलेजात जाऊन काही शिकायचे नाही, तर कॉलेज ही वस्तूच शिकायची. पत्नी म्हणाली, ‘‘अहो, पेन्शन चालू आहे. आता ही पदवी दाखवणार कुणाला?’’ दौलताबादच्या बसथांब्यावर रोज भेटणाऱ्या एका मित्राने ‘साठी बुद्धी नाठी’ एवढ्या तीनच शब्दांत निकाल दिला. महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न होते, असे मी त्याला सांगून पाहिले. तो म्हणाला, ‘‘त्यांनी विद्यापीठ काढलं. तू नुसता फॉर्म भरलास.’’ यावर मला उत्तर सुचले नाही.

खरे कारण मी तेव्हा कुणालाच सांगितले नव्हते. आज सांगतो.

२००३ साली मी या भागातल्या आमच्या बँकेच्या एका शाखेत मॅनेजर होतो. शैक्षणिक कर्जाची नवी योजना येऊन दोनच वर्षे झाली होती. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नव्हते. किल्ल्याच्या वाटेवर पेरू-सीताफळे विकणारे एक बागवाले एके दिवशी मुलाला घेऊन आले. मुलगा हुशार होता, बारावीला बरे गुण होते. एका खासगी संस्थेत नव्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत होता. मी तारण नको असतानाही जुन्या सवयीने त्यांचा सातबारा पाहिला, विहीर कुणाच्या नावावर आहे ते विचारले, फीचा तक्ता दोनदा बेरीज करून तपासला. संस्थेच्या माहितीपुस्तिकेत ‘मान्यता प्रक्रियेत’ असे दोन शब्द बारीक अक्षरांत छापलेले होते. ते मी वाचले आणि पुढच्या पानावर गेलो. सही केली.

मान्यता आलीच नाही. दोन वर्षे मुलगा शिकला असे म्हणायचे. मग तो अभ्यासक्रमच बंद पडला. हातात कागद नाही आणि डोक्यावर कर्ज. बागवाल्यांनी दोन एकर बाग विकली आणि व्याजासकट पैसे भरले. खाते नियमित बंद झाले. त्या वर्षी चांगल्या वसुलीबद्दल मला वरच्या कार्यालयाचे अभिनंदनाचे पत्र आले. ते पत्र अजून माझ्या फाइलमध्ये आहे. फेकून देण्याचा धीर होत नाही आणि कुणाला दाखवण्याचाही.

माझा प्रश्न तिथून सुरू झाला. एका सातबाऱ्यासाठी अर्धा तास घालवणारा मी, त्या कॉलेजविषयी एकही प्रश्न का विचारू शकलो नाही? विचारायचे काय असते, हेच मला ठाऊक नव्हते. आणि मी पदवीधर होतो, पुस्तके लिहिणारा होतो.

अभ्यासाला बसल्यावर पहिला धक्का बसला तो इतिहासाने. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली, हे आपण शाळेत घोकलेले असते. ती विद्यापीठे स्वतः शिकवीत नसत, हे कुणी सांगितलेले नसते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने लंडन विद्यापीठाचा त्या वेळचा नमुना उचलला : शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ते एक क्लिअरिंग हाऊस होते. चेक कुणीही लिहावा, इथे फक्त तो वटतो की नाही ते पाहिले जाई. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे अशी कायदेशीर वाट १९०४ च्या कायद्याने मोकळी केली. पण जन्माची सवय लवकर जात नाही. आजही आपल्या घरात ‘काय शिकलास?’ असे विचारले जात नाही. ‘निकाल कधी आहे?’ असे विचारले जाते.

दुसरा धक्का साधा होता. पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवायची, तर शिक्षकाला डी.एड. लागते. दहावीला भूमिती शिकवायची, तर बी.एड. लागते. कॉलेजात शंभर मुलांपुढे उभे राहायचे, तर शिकवण्याचे कोणतेही आधीचे प्रशिक्षण लागत नाही. नेट-सेट आहे, पीएच.डी. आहे, त्यातून विषयाची तयारी समजते. तो विषय मागच्या बाकावरच्या मुलापर्यंत न्यायचा कसा, याची परीक्षा कुणी घेत नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग निघाले. पण ते नोकरी लागल्यानंतरचे, वरातीमागून घोडे म्हणावे तसे. आणि तासिका तत्त्वावर, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात मोटारसायकलीवर धावणाऱ्या तरुण प्राध्यापकाने कोणत्या वर्गाला जावे? मी बँकेत लागलो, तेव्हा मला नोटांचे बंडल हातात देण्याआधी आठवडाभर नोटा मोजायला शिकवले होते. नोटा हरवल्या तर हिशेब लागतो. मुलांची तीन वर्षे हरवली, तर ती कोणत्या वहीत दिसतात?

ज्या गावात बसून मी हे वाचत होतो, त्या गावाची मग मला गंमत वाटू लागली. दौलताबाद म्हणजे यादवांची देवगिरी. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव इथल्या सिंघण राजाच्या पदरी हिशेबाचा अधिकारी होता. हेमाद्री पंडितही श्रीकरणाधिप, म्हणजे पुन्हा लेखा आणि दप्तर यांचाच प्रमुख. बँकवाल्यांनी लिहू नये म्हणणाऱ्यांना मी ही दोन नावे सांगतो! सिंघणाचा राजज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवला जावा, म्हणून त्याने पाटण येथे मठ काढला. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की ते पाटण लागते. तिथला शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्यात मठाचा खर्च कसा भागवायचा तेही आहे, आणि तो भाग मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या करातून काही हिस्सा, आणि चालत्या घाण्यामागे पळी-पळी तेल. काय शिकवायचे ते आधी ठरले आणि मग तेलाचा हिशेब लागला. आपण आधी इमारत बांधतो.

याच किल्ल्यावरची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. पैठणहून आलेले लहानगे एकनाथ किल्लेदार जनार्दनस्वामींपाशी राहिले आणि त्यांच्याकडे हिशेबाचे काम आले. एका पैची चूक सापडेना, म्हणून त्यांनी रात्र जागून काढली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एवढे चित्त देवाकडे लागले तर काय होईल! लहानपणी ही गोष्ट मी भक्तीची म्हणून ऐकली. बँकेत ती अचूकपणाची म्हणून सांगितली. आता वाटते, ती शिक्षणाची गोष्ट आहे. शिष्य रात्री काय करतो, हे जागून पाहणारा गुरू तिथे होता.

जुन्याचे गोडवे गाऊन मला थांबायचे नाही. पाटणचा मठ सगळ्यांसाठी नव्हता. मराठवाड्यातल्या बहुसंख्यांना कॉलेजचे दार दिसले ते फार उशिरा. निजामाच्या राज्यात १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग खराच. पण मराठी घरातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे आणि तेही परक्या भाषेतून. अशा प्रदेशात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. त्यांनी नाव दिले मिलिंद महाविद्यालय, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तरे देणारा भिक्षू. कॉलेज म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला दोन वर्षांच्या पाठ्यपुस्तकांत सापडली नाही.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ पासून ते बाबासाहेबांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे पहिले कुलगुरू सुंदरराव डोंगरकेरी. मुंबई विद्यापीठाचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिला होता, त्या विद्यापीठाच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहिला होता, आणि पुढे विद्यापीठांच्या स्वायत्ततेवरही पुस्तक लिहिले. म्हणजे मी ज्याची पदवी घेत होतो, तो विषय हा माणूस पदवीशिवाय जगला होता. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे. शिक्षणसंस्था चालवायची तर शिक्षणाचा अभ्यास हवा, असे मानणारी माणसे आपल्यात होती. १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजांचा जो पूर आला, त्यात जमीन, बांधकाम आणि मान्यता यांचे जाणकार पुष्कळ झाले. शिक्षणाचा जाणकार शोधावा लागतो.

यावर एका निवृत्त प्राचार्यांनी मला चांगले सुनावले. ‘‘तुम्हाला पुस्तकातलं कॉलेज दिसतं. खेड्यातल्या सुमार कॉलेजात नाव घातलं, म्हणून एखाद्या मुलीचं लग्न तीन वर्षं लांबतं, ती एस.टी.ने एकटी प्रवास करायला शिकते. ते कुठल्या पेपरात मोजाल?’’ त्यांचे म्हणणे खरे आहे. मी स्वतः अशा मुली पाहिल्या आहेत. पण म्हणूनच त्या कॉलेजात अधिक काही घडायला हवे. ज्याच्या घरात पुस्तके आहेत, तो वाईट कॉलेजातूनही तरून जातो. ज्याची सगळी भिस्त त्या चार भिंतींवर आहे, तो बुडतो. बाग त्याची विकली जाते.

म्हणून माझे म्हणणे अगदी व्यवहाराचे आहे. कॉलेजात शिकवू पाहणाऱ्याला वर्गात पाठवण्याआधी निदान एक सत्र शिकवायला शिकवावे. तासिकेवरच्यालाही शिकवावे आणि त्या काळाचे पैसे द्यावेत. प्राचार्य आणि संस्थाचालक यांनी उच्च शिक्षणाचा एखादा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय खुर्चीत बसू नये. साध्या कॅशियरला जो नियम, तो त्यांना का नको? आणि आपण आईबापांनी फी विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. या अभ्यासक्रमाला आज, लेखी मान्यता आहे का? पूर्ण वेळ शिक्षक किती? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते आणि मुले आत जाऊन पुस्तक काढू शकतात का? मागच्या वर्षी ज्यांनी मध्येच सोडले, त्यांनी का सोडले? यांतल्या एकाही प्रश्नाला एम.ए. लागत नाही. मला लागली, हा माझा मंदपणा.

गेल्या जून महिन्यात तो बागवाल्यांचा मुलगा घरी आला. आता तो चाळिशी ओलांडलेला आहे, वेरूळच्या रस्त्यावर गाडी चालवतो. वडील गेले. सोबत बारावी झालेली मुलगी होती. ‘‘साहेब, पोरीला कुठं टाकावं?’’ असे त्याने विचारले. त्या बागेचा त्याने शब्द काढला नाही. कधीच काढलेला नाही. मी मात्र त्या दिवशी काढला. ते बारीक अक्षरांतले दोन शब्द मी वाचले होते, हे त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘आम्हीबी वाचले होते, साहेब. आम्हाला वाटलं, तुम्ही सही केली म्हणजे ठीकच असेल.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे शहरात तीन कॉलेजे पाहून आलो. दोन ठिकाणी कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला आणि आमच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष केले. तिसऱ्या ठिकाणी ग्रंथपाल बाईंनी मुलीला आत नेले आणि कपाटांच्या रांगांतून फिरवून आणले. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, ‘‘काका, अजून एक कॉलेज बघू या का?’’

आम्ही चौथे बघायला निघालो. घाई करायची नाही, एवढे यावेळी ठरवलेले आहे.