दौलताबादच्या रानात प्लॉटचे पीक



छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाणाऱ्या रस्त्याने दौलताबादकडे निघा. जिथे कपाशी आणि ज्वारी उभी राहायची, तिथे खुंट रोवून प्लॉट पाडलेले दिसतील. जाहिरातीच्या फलकावर देवगिरीचा किल्ला असतो. फलक ज्याच्या रानात उभा आहे तो शेतकरी कुठेच नसतो. या वसाहतींना आमचा विरोध आहे.

विरोध म्हटला की शहाणे लोक विचारतात, शेतकऱ्याने जमीन विकायचीच नाही का? विकावी, खुशाल विकावी. जमीन त्याची, हक्क त्याचा. पण सावकार दारात उभा असताना झालेल्या व्यवहाराला आम्ही विक्री म्हणत नाही. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8110 रुपये हमीभाव सरकारनेच जाहीर केला, आणि त्याच सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले, ते डिसेंबरअखेरपर्यंत माफ ठेवले. एका हाताने भाव लिहायचा, दुसऱ्या हाताने पुसायचा. कर्जात बुडालेला कोरडवाहू शेतकरी मग सातबारा घेऊन दलालाच्या दारी जातो.

आता हिशेब करा. एकरात 40 गुंठे, म्हणजे 43,560 चौरस फूट. रस्ते, गटारे, मोकळी जागा सोडून निम्मीच जमीन विकली तरी 21,780 फूट उरतात. फुटामागे दर 100 रुपयांनी चढला की एकरामागे 21 लाख 78 हजार रुपये वाढतात. शेतकऱ्याकडून घेताना माप एकराचे, विकताना फुटाचे. मधला पैसा ज्याने कधी वखर धरला नाही त्याच्या खिशात. लूट बाजारात होत होती, ती आता बांधावर आली.

कायद्याचे काय? 2017 साली जमीन महसूल संहितेत 42-ड कलम आले. गावठाणापासून 200 मीटरच्या आतली जमीन आराखड्यात बसत असेल, तर आकारणी भरताच बिगरशेती धरली जाऊ लागली. ही सवलत शेतकऱ्याच्या कामी आली असती. पण आकारणी, नकाशा, रस्ता यांना लागणारे भांडवल त्याच्याकडे नाही, दलालाकडे आहे. दुसरीकडे, 2010 साली दुरुस्त झालेल्या स्मारक कायद्याने किल्ल्यापासून 100 मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी आहे, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीची अट आहे. किल्ल्याला खेटून पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्याला पडकी भिंत उभारायलाही कागद लागतो. त्या रेषेपलीकडे मात्र शंभर प्लॉट पडले तरी या कायद्याचा हात पोचत नाही.

खरा घात पाण्याचा आहे. देवगिरीचा किल्ला राखणाऱ्यांनी पाण्याची सोय आधी पाहिली. खंदक, हत्ती तलाव, खापराचे नळ आजही त्याची साक्ष देतात. 1327 साली मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली; काही वर्षांतच ती परत गेली. हुकमाने माणसे हलवता येतात, झरे हलवता येत नाहीत. 2022 च्या उन्हाळ्यात जायकवाडीचे पाणी पिणाऱ्या शहरालाच आठवड्यातून एकदा नळ येत होता. मग या वसाहती कुठून पिणार? बोअर मारून, आमच्याच विहिरींच्या झऱ्यांतून. काळ्या पाषाणात पाणी भेगांतच असते. शेजारी दहा बोअर खोल गेले की विहीर कोरडी पडते. ओढा बुजवला की पावसाचे पाणी उरल्यासुरल्या कपाशीत शिरते. जमीन एक शेतकरी विकतो, पाणी मात्र सगळ्या शिवाराचे जाते.

म्हणून जिल्हा बैठकीत हे ठराव घ्यावेत:

1. पाण्याची कायम सोय दाखवल्याशिवाय एकाही वसाहतीला परवानगी नको. बोअर ही सोय धरू नये.
2. ओढे, नाले, पाणंद रस्ते मोजून खुणा कराव्यात. बुजवले असतील तर बुजवणाऱ्याच्या खर्चाने मोकळे करावेत.
3. ग्रामसभेपुढे नकाशा ठेवल्याशिवाय मंजुरी नको.
4. घरे व्हायचीच असतील तर शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतः प्लॉट पाडावेत. त्यासाठी त्यांना बँकेचे कर्ज मिळावे.

किल्ला पाहणारे येतील आणि जातील. शिवारात राहायचे आपल्याला आहे. कोणी इसार पुढे केला तर अंगठा उठवण्याआधी बैठकीला या.